वायर सुटली, तरी चित्र आलं

खोटं वाटेल, वाटू दे. त्या संध्याकाळी ज्याचा पाय गच्चीबाहेर गेला तो मीच. दौंडचा टीव्ही फिटर, सत्तार.

साल १९७७. गाव वरवंड. पोपटरावांच्या दुमजली घरावर अँटेना बसवायचा होता. गच्चीला कठडा नव्हता.

आमची पद्धत ठरलेली. मी वर अँटेना फिरवायचो आणि माझा जोडीदार मच्छिंद्र खाली टीव्हीसमोर बसून ओरडायचा, "आलं" किंवा "गेलं". त्याच्या आवाजावर मी डोळे झाकून चालायचो.

दिवस मावळत होता. टीव्हीवरचे कार्यक्रम नुकतेच सुरू झाले होते, पण चित्र काही येईना. शेवटी मी पाइपसकट अँटेना उचलला. म्हटलं, जागा बदलून बघू.

"आलं, सत्तारभाई... जरा मागं सरा."

"सरलो रे," मी वरून ओरडलो.

"आजून मागं..."

माझी नजर वर अँटेनाकडं. पाय मागं.

"आरशावानी दिसतंय बगा. आजून येक पाऊल..."

तेवढ्यात अँटेनाच्या मधल्या दोन स्क्रूंकडं लक्ष गेलं. चपटी वायर तिथंच जोडतात. तिथूनच चित्र खाली टीव्हीत उतरतं.

स्क्रू मोकळे होते.

वायर केव्हाच सुटून जिन्यापाशी पडली होती...

मग खाली चित्र आलं कुठून?

टाच टेकवायला गेलो, तर खाली काहीच नव्हतं.

अँटेना टाकून मी पुढं आडवा पडलो. बसत बसत जिना उतरलो.

खोलीत अंधार. टीव्ही बंद. समोर कुणीच नाही...

मच्छिंद्र रस्त्यावरून आत आला. "लाईट मघाच गेली, सत्तारभाई. मी वायरमनला बगाया गेल्तो. आईच्यान. आन् तुमी वर कुनाशी बोलत हुता?"

मी आवाजाचं सांगितलं. पोपटरावांची आई, धुरपदाबाई, चुलीपुढून उठून आल्या.

"आडाच्या अंगाला बोलवत हुतं का रं?"

मी ज्या बाजूला मागं सरत होतो, आड तिकडंच होता. मी बाजू सांगितलीच नव्हती.

दारात उभ्या पोपटरावांनी आईकडं असं बघितलं, की त्या गुमान आत गेल्या.

मच्छिंद्रबरोबरची जोडी मी मोडली. लोक म्हणाले, उगाच संशय घेतोस. पण आवाज त्याचाच होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

तो माझ्याशी खोटं बोलला असावा, एवढीच माझी अजून दुआ आहे.

म्हणजे निदान मला मागं बोलावणारा माणूस तरी होता...