देवघरातून निघालेली पावलं

मुलांनी खूप प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. ही एक गोष्ट मात्र मी त्यांना कधी सांगितलेली नाही. त्यांनी प्रश्न विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही. आणि खोटं म्हणावं, तर ती पावलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत.

मागच्या गोकुळाष्टमीची संध्याकाळ. बेंगळुरू, जे. पी. नगर. आमच्या सोसायटीचा पाचवा मजला.

मी निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेली प्रेमा आणि तिची सात वर्षांची मुलगी ईरा. सोसायटीतली मुलं माझ्याकडे अभ्यासाला येतात, ईरा तर रोज. चंपा आम्हा दोघींकडे कामाला. मूळची अथणीची.

त्या दिवशी ईरानं त्यांच्या घरात दारापासून देवघरापर्यंत बाळकृष्णाची पावलं काढली होती. तांदळाच्या पाण्यात कालवलेल्या पिठात मुठीची कड बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर बोटांनी पाच ठिपके. काळ्या ग्रॅनाइटवर छान उठून दिसत होती. मग ती खाली खेळायला गेली.

प्रेमा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होती. चंपा स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

प्रेमाला देवघरातल्या पाळण्याचे घुंगरू ऐकू आले. चंपा असेल, असं तिला वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा पाळणा हलत होता...

आणि आत बाळकृष्ण नव्हता.

सासूबाईंनी दिलेला, चांदीचा, रांगता बाळकृष्ण.

खालून परत आलेली ईरा मला रडत बोलवायला आली. मी गेले तेव्हा चंपानं आपली पिशवी जमिनीवर उलटी केली होती. डबा, छत्री, कंगवा. दुसरं काही नाही.

"न्हाई ओ टीचरम्मा, मी हात सुदिक लावला न्हाई."

"मग कोणी घेतला? दार आतून बंद होतं," प्रेमा म्हणाली. "काकू, प्लीज, तुम्ही मध्ये पडू नका. गेटच्या अ‍ॅपवर हिचं नाव बंद करतेय."

ते नाव बंद झालं की सोसायटीत एकही काम मिळत नाही. चंपाची सगळी घरं याच इमारतीत होती.

"पाच मिनिटं थांब," मी म्हटलं. "आधी पाहू, मग ठरवू."

मी खाली बसले. मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत तिरपा धरला. असा धरला की वाळलेल्या पिठातल्या रेघाही दिसतात.

ईराची पावलं आत जात होती. सगळी एकाच पायाची, कारण तिनं सगळी उजव्या मुठीनं काढली होती.

पण देवघरापासून आणखी पावलं निघाली होती...

बाहेर येणारी.

डावं, उजवं. डावं, उजवं.

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी संपत होती. चंपा उभी होती, तिथे.

"बघा! सरळ हिच्याकडेच," प्रेमा म्हणाली. "आळ माझ्या ईरावर यावा म्हणून हिनंच काढली असणार."

मी भिंग आणलं. मुठीच्या ठशात तळहाताच्या घड्या उमटतात. इथे एकही घडी नव्हती. टाच होती. अंगठा होता. अंगठ्याखाली कातडीच्या बारीक रेघांचं चक्र होतं.

"ही मूठ नाही, प्रेमा. हा खरा पाय आहे. दीडेक वर्षाच्या मुलाचा."

प्रेमा वाकून पाहू लागली.

आमच्या मजल्यावर एवढं लहान मूल कुणाकडेच नाही.

"चंपाचा पाय बघ केवढा," मी म्हटलं. "ही पावलं तिची नाहीत. मी शब्द देते."

प्रेमानं फोन खाली ठेवला. सगळं घर शोधलं. बाळकृष्ण काही मिळाला नाही.

त्यातलं एक पाऊल मी रुंद सेलोटेपनं उचलून काळ्या कागदावर चिकटवलं. ईराला शिकवायला उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती ते न्याहाळत बसली होती.

"अज्जी, बाळ मोठं झालं की त्याचे ठसे बदलतात?"

"नाही गं. आईच्या पोटात तयार होतात, तेच शेवटपर्यंत राहतात. आकार तेवढा वाढतो."

"म्हणजे... हे बाळ आता मोठं पण असेल?"

"वेडाबाई, कालचं पाऊल आहे ते," मी हसून म्हटलं.

पण ती पावलं चंपा उभी होती तिथे संपली होती, हे मला आठवलं.

चंपा आली तेव्हा मी शाईचा पॅड काढला. "मुलांना दाखवायला ठसे हवेत," म्हटलं. बोटांचे ठसे तिनं हसत हसत दिले.

"आता पायाचा."

तिचं हसणं थांबलं.

"पायाचा कशाला, टीचरम्मा?"

तरी तिनं पाय टेकवला.

अंगठ्याखाली चक्र. चक्राच्या कडेला फाटून दोन झालेली एक रेघ. तिच्याखाली मध्येच तुटलेली दुसरी. एक खूण जुळली म्हणून ठसा जुळत नाही, असं मी मुलांना नेहमी बजावते. म्हणून मी काळ्या कागदावरच्या पावलाशी एकेक रेघ ताडून पाहत गेले.

सगळ्या जुळल्या.

चंपा माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली,

"जुळलं का?"

मी कशाशी जुळवतेय, ते तिला सांगितलंच नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

तिनं पाय पुसला आणि भांड्यांकडे गेली.

प्रेमाला वाईट वाटत होतं. तिनं चंपाची माफी मागितली, पगार वाढवला, घराची किल्लीही दिली. "काकू, तुम्ही होता म्हणून. नाहीतर मी एका गरिबाच्या पोटावर पाय दिला असता." आता प्रेमा संध्याकाळी कामावरून येईपर्यंत ईरा चंपाजवळ असते. माझ्या शब्दावर.

मी काय सांगू तिला? मोठ्या बाईचं लहानपण घरात चालून गेलं, असं?

मी माझं दार उघडं ठेवते. लक्ष ठेवते.

मागच्या आठवड्यात ईरा माझ्या टेबलाशी गणितं सोडवत होती. चंपा समोरच्या दाराला कुलूप लावून ईराची पाण्याची बाटली द्यायला माझ्या दारात आली. समोरचं घर रिकामं होतं.

तेवढ्यात त्या घराच्या आतून आवाज आला...

थप. थप. थप.

उघड्या, लहान पायांचा. बंद दारापर्यंत येऊन थांबलेला.

ईरानं मान वर केली. मी दाराकडे पाहिलं.

चंपानं दाराकडे पाहिलंच नाही. तिनं खाली, स्वतःच्या पायांकडे पाहिलं.