न बोलणारा शेजारी

कोंबडा मागायला मी रागनाकाकूंकडे गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. जानेवारीत आमच्याकडे दहा म्हणजे काळोखच. सूर्य नोव्हेंबरअखेर जातो तो दोन महिने तोंड दाखवत नाही. अकरा ते एक दक्षिणेला थोडं निळं फटफटतं, तेवढाच दिवस. मला तेवढा पुरणार होता.

काकू खुराड्यात कंदील धरून उभ्या होत्या. कोंडा आणि ओल्या पिसांचा वास होता.

"काकू, कोंबडा हवाय."

"सूप करणार?"

"नाही. नावेत न्यायचाय."

त्यांनी कंदील खाली ठेवला. आमच्या बेटावर यापुढे काही सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगतो. माणूस बुडाला आणि सापडला नाही, तर कोंबडा नावेत बसवून वल्हवत फिरायचं. नाव बुडालेल्या माणसाच्या वर आली की कोंबडा आरवतो. म्हाताऱ्यांची रीत. माझ्या बापाने लहानपणी एकदा पाहिली होती, त्यानंतर कुणी केली नव्हती.

"अरे, पाणबुडे चार दिवस उतरत होते," काकू म्हणाल्या.

"त्यांच्याकडे कोंबडा नव्हता."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"नाही."

"मग?"

मी नुसते हात पुढे केले. काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कोपऱ्यातला राखाडी, म्हातारा कोंबडा उचलून टोपलीत घातला.

"भिजवू नकोस त्याला. तोही तुझ्यासारखाच अर्धवट आहे."

एवढं बोलून त्या वळल्या आणि नाक पुसत राहिल्या.

बुडाला होता तो माझा मोठा भाऊ, हालवर. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या, दिवसाला चार-चार. शेवटी ओस्लोच्या डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल कापला. एका भागात आग लागली तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून, असं त्यांनी आईला समजावलं. फिट्स जवळजवळ थांबल्या. पण दादा घरी आला तो एकटा आला नाही.

उजवा हात सदऱ्याची बटणं लावायचा, डावा मागोमाग काढायचा. उजवा दार उघडायचा, डावा लोटायचा. आम्ही त्या डाव्या हाताला 'शेजारी' म्हणायला लागलो. एकदा मी ताटातला शेवटचा बटाटा उचलला आणि शेजाऱ्याने माझ्या हातावर सणसणीत चापट मारली.

"ए, मारतोस काय?"

"मी कुठे मारलं? त्याच्याशी भांड."

"त्याला सांग, मोठ्यांच्या जेवणात हात घालू नये."

"तूच सांग. माझं कुठे ऐकतो तो?"

हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. एका वर्षात आमच्या घरात जेवढं हसू झालं तेवढं आधीच्या दहा वर्षांत नव्हतं.

ओस्लोच्या डॉक्टरीणबाईंनी मला एकदा बाजूला बसवून तपासणी दाखवली. मी शाळा सातवीतच सोडलेली, पण हे मला कळलं. डावा हात चालतो मेंदूच्या उजव्या भागावर. त्या भागाला बोलता येत नाही. तो बघतो, ओळखतो, घाबरतो, सूरही धरतो, पण तोंड दुसऱ्याच्या ताब्यात असतं. बाईंनी पडद्याच्या डाव्या कडेला क्षणभर किल्लीचं चित्र दाखवलं. दादा म्हणाला, काही दिसलं नाही. तेवढ्यात त्याच्या डाव्या हाताने टेबलावरच्या वस्तूंतून किल्ली उचलली. "का उचललीत?" बाईंनी विचारलं. "घरी जायचंय ना," दादा लगेच म्हणाला. त्याला वाटत होतं तो खरंच सांगतोय.

"बोलणाऱ्या भागाला गप्प बसवत नाही," बाई मला म्हणाल्या. "कारण माहीत नसलं तर तो तयार करतो. आपण सगळेच करतो. तुमच्या भावाचं फक्त दिसतं."

मग गंमत म्हणून दादानेच बाईंना विचारायला लावलं, ड्राउग असतो का? बुडालेला आणि माती न मिळालेला माणूस म्हणजे ड्राउग. तो अर्ध्या नावेतून वल्हवत फिरतो. त्याला हाक मारू नये, त्याच्या हाकेला ओ देऊ नये. दादा तोंडाने म्हणाला, "छे, म्हाताऱ्यांच्या गोष्टी." डाव्या हाताने टेबलावरच्या दोन कार्डांपैकी 'आहे' लिहिलेलं पुढे सरकवलं. बाईंनी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा तेच. परत येताना दादा बोटीवर बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत होता.

नाताळाच्या चार दिवस आधी मी त्याला म्हणालो, चल, ताजा कॉड मासा मारून आणू. आईने दादाला नावेत बसायची बंदी केली होती. ती दुकानात गेली होती. हवा स्वच्छ होती. दादा खुशीत नावेत उतरला, पण डाव्या हाताने धक्क्याची लोखंडी कडी धरून ठेवली. सोडेचना.

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

"हातमोजा ओला असेल, थंडीने गोठला असेल."

हातमोजा कोरडा होता. मी बघितलं होतं. तरी मी हसत हसत एकेक बोट सोडवलं. "चला शेजारीबुवा, तुम्हाला तिकीट माफ," असंही म्हणालो. पाच बोटं. करंगळी सगळ्यात शेवटी सुटली.

तासाभरात वायव्येकडून वारा आला आणि नाव उलटली. मी उलट्या नावेच्या पाठीवर चढलो. दादा माझ्या मागे होता, मग नव्हता.

आईला कबर हवी होती. फुलं ठेवायला, उन्हाळ्यात गवत काढायला एक जागा. मला आणखी काही हवं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. त्या हाताला कळलं होतं. तो मला सांगत होता आणि मी त्याची बोटं उचकटली. दादाने मला माफ केलं असतं, तो मला कशालाही माफ करायचा. पण तो दुसरा, तो न बोलणारा, तो माझ्यावर रागावून गेला का, एवढंच मला विचारायचं होतं. आणि त्याला तर तोंडच नव्हतं.

मोटार लावली नाही, कोंबड्याचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून. वल्ही घेतली. टोपली माझ्या पायांशी. समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत होता, आणि वल्ह्यावरून ओघळणारं पाणी सोडलं तर आवाज नव्हता. नाव उलटली त्या जागेवर मी सहा फेऱ्या मारल्या. कोंबडा पंखात डोकं खुपसून बसला होता. मी त्याला म्हणालो, "बोल ना बाबा." तो झोपला होता.

मग गुणगुणणं ऐकू आलं.

शब्द नव्हते. नुसता सूर, ओठ मिटून धरलेला... थोडा वर, थोडा खाली. वल्ह्याच्या खुंटीत वारा शिरला असेल, मी स्वतःशी म्हणालो. वारा नव्हता. मग किनाऱ्यावर कुणाचा रेडिओ असेल. किनारा दीड मैल लांब होता. माझं तोंड कारणं देत होतं आणि माझ्या मानेवरचे केस उभे होते.

मी वळून बघितलं.

निळसर काळोखात, दोन नावा मावतील एवढ्या अंतरावर, एक नाव होती. नावेचा पुढचा अर्धा भाग होता. मागे काही नव्हतं, फळ्या कापल्यासारख्या संपल्या होत्या आणि तरी पाणी आत शिरत नव्हतं. आत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. एकच वल्हं चालत होतं. डावीकडचं.

एकाच वल्ह्याने नाव गोल फिरते. हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. ती नाव सरळ जात होती.

मी पळायला हवं होतं. लहानपणापासून सगळ्यांनी हेच शिकवलं होतं. मी वल्ही धरली आणि तिच्या मागे निघालो. जवळ जाता येत नव्हतं, अंतर वाढतही नव्हतं. खाऱ्या शेवाळाचा वास दाट होत गेला, ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांचा असतो तसा. पाणबुड्यांनी शोधलेली जागा केव्हाच मागे राहिली होती. गुणगुणणं चालूच होतं, आणि आता मला कळलं की ते कुठलं गाणं नव्हतं. मी लहान असताना फिटनंतर दादाला झोप लागायची तेव्हा झोपेत तो असंच करायचा. मी त्याच्या पायाशी बसून ऐकायचो. ऐकू येतंय म्हणजे तो आहे.

जे करू नये ते मी केलं.

"दादा...?"

वल्हं थांबलं.

पाणी ठिबकायचंही थांबलं. त्या पाठीने वळू नये असं मला वाटत होतं आणि ती वळावी असंही वाटत होतं. दोन्ही एकदम, सारख्याच जोराने.

"रागावलास का...?" मी म्हणालो. "तू नाही. तो. तो रागावला का?"

तेव्हा कोंबडा आरवला.

असा आरवला की नावेच्या फळ्या थरथरल्या. मी दचकून टोपलीकडे बघितलं, आणि मान वर केली तेव्हा समोर नाव नव्हती. एक ठेंगणा खडक होता, ओहोटीमुळे वर आलेला, शेवाळाने माखलेला. त्या शेवाळात माझा भाऊ होता.

त्याचा चेहरा कसा होता ते मी सांगणार नाही. थंड पाण्याने त्याला सांभाळलं होतं, एवढं सांगतो. मला दिसले ते हात. छातीवर होते. डाव्या हाताने उजवा हात धरला होता, बोटांत बोटं गुंतवून, रस्ता ओलांडताना मोठा भाऊ लहान्याचा धरतो तसा.

मी खडकावर बसून किती वेळ रडलो माहीत नाही. मग दोर बांधला आणि त्याला हळूहळू घरी आणलं.

धक्क्यावर आई उभी होती. बिनटोपीची. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "सापडला ना? कोंबडा ऐकला मी."

शवपेटीत ठेवताना पाद्री आणि शेजारच्या माणसांनी हात नीट करायचा प्रयत्न केला. आमच्याकडे उजवा हात वर ठेवतात. बोटं सुटेनात. मी पुढे झालो नाही. मी त्या बोटांना पुन्हा कधीही हात लावणार नव्हतो.

"राहू द्या," आई म्हणाली. "वर्षभर भांडत होते. आत्ता कुठे जमलंय."

आणि ती हसली. त्या घरात, त्या दिवशी, ती हसली आणि मग मीही. माझ्या छातीत तीन आठवडे अडकलेला दगड तेव्हा हलला. रागावलेला हात असं कुणाला धरत नाही. ते मला कुणी समजावून सांगितलं नाही, आणि मला कारणही नको होतं.

पुरल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी कोंबडा परत द्यायला गेलो. दक्षिणेला डोंगराच्या कडेवर तांबूस रेघ आली होती. आठवड्याभरात सूर्य येणार होता. रागनाकाकूंनी कॉफी ओतली आणि सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, अर्ध्या नावेसकट. त्यांनी मान हलवली, ऐकून घेतलं. पण सांगता सांगता कोंबड्यापाशी आलो तशी त्यांनी किटली खाली ठेवली.

"आरवला म्हणतोस?"

"आईने किनाऱ्यावरून ऐकला."

काकूंनी टोपली जवळ ओढली.

"सीवर्ट, मी तुला फसवलं रे. तू रडवेला होऊन दारात उभा होतास. नाही म्हणवेना. म्हटलं, देऊ हा म्हातारा. पोर फिरेल, दमेल, घरी जाऊन झोपेल." त्यांनी कोंबड्याच्या मानेवरची पिसं बाजूला केली. खाली कातडीवर एक लांब, पांढरा, जुना वण होता. "दोन वर्षांपूर्वी रानमांजराने नरडं फाडलं होतं. वाचला, पण आवाज गेला. तेव्हापासून याने एकदाही..."

कोंबड्याने मान ताणली, चोच उघडली आणि छाती फुगवून जोर लावला. नुसती हवा आली.

"बेटावर दुसरा कोंबडा नाही," काकू हळूच म्हणाल्या.

माझ्या तोंडाशी एक कारण आलं होतं. मी ते गिळलं आणि कॉफीचा कप उचलला.