आवाजावर पडणारा प्रेस

बहात्तर साली उद्यमनगरात गणपतरावांच्या कारखान्यात जो प्रेस होता, तसा दुसरा अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. तसा साधाच हो, पत्र्यातनं वायसर, म्हणजे भोकाच्या चकत्या, कापणारा. पण हा माणसाच्या आवाजावर पडायचा! आणि तो तसा केला होता अल्लाउद्दीन मिस्त्रीनं.

केला तो केरबासाठी. आदल्या वर्षी त्याच प्रेसनं केरबाचा उजवा पंजा घेतला. पत्रा सरकवायला एक हात, दांडा ओढायला दुसरा. एका हाताच्या माणसानं करायचं काय? गणपतराव वाईट नव्हते, पण त्यांनी मिस्त्रीला बाजूला घेतलंच. "नुसता बसवून किती दिस पोसू, मिस्त्री?" केरबाच्या घरी बायको चिमणाबाई आणि तीन लहान पोरी. मिस्त्रीला घास गोड लागेना.

मग त्यानं जुन्या बाजारातनं टेलिफोनचा मोडका रिसिव्हर आणला, रेडिओचे सुटे भाग आणले आणि दीड महिना खपून एक पेटी तयार केली. रिसिव्हरसमोर केरबानं "मार" म्हटलं की प्रेस खाली. शेजारी घण पडू देत नाहीतर मालक बोंबलू देत, प्रेस ढिम्म. ऐकायचा तो फक्त केरबाचं. काय डोकं होतं त्या माणसाचं! मुरगूड, कुरुंदवाडपासून लोक बघायला यायचे.

"पावणं, तुमी म्हणून बघा की," केरबा मिशीत हसून सांगायचा. पावणा घसा फोडून ओरडायचा, प्रेस हलायचा नाही, आणि सगळा कारखाना खिदळायचा.

खोट नंतर ध्यानात आली. पेटीला शब्द कळत नव्हता, नुसता आवाज कळत होता. केरबा हसला तरी प्रेस पडायचा, खाकरला तरी पडायचा. आणि हा गडी एक नंबरचा बोलका! कुस्तीचा विषय निघाला की दुपार झाली तरी थांबायचा नाही. आता उरलेला हात वाचवायचा, तर कामावर तोंड मिटून बसणं आलं. बसला बिचारा. दिवसभर गप्प राहायची सवय लागली, ती घरीही सुटेना.

गणपती बसले आणि चिमणाबाई रडत कारखान्यात आली. "मिस्त्री, आठ दिस झालं, ह्यांच्या तोंडातनं आवाजच न्हाय. पोरी भ्याल्यात."

डॉक्टरनं घसा बघितला. घसा ठणठणीत. केरबाचे ओठ हलायचे, आवाज मात्र बाहेर पडायचा नाही. पण रिसिव्हरसमोर ओठ हलले की प्रेस बरोबर पडायचा.

मिस्त्रीनं एकदा कुणाला न सांगता पेटीची वायर सोडली. केरबानं ओठ हलवले. प्रेस पडला. मिस्त्रीनं वायर गुपचूप परत जोडली.

केरबाला प्रेसवरनं उठवावं, तर घरची चूल बंद. बसू द्यावं, तर पोरींना बापाची हाक नाही. मिस्त्री आतनं तुटत होता. आपणच केलं हे, दुसऱ्या कुणी नाही.

खंडेनवमीला कारखाना धुऊन निघाला. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. पाया पडायचं आणि मागायचं. नारळ फोडून सगळी घरी गेली, मिस्त्री मागं राहिला. पूजेला तो दरवर्षी सगळ्यांच्या बरोबरीनं उभा राही, पण मागत कधी नसे. मागायचं ते एकाकडंच, हे त्याचं ठरलेलं. आज मात्र तो रिसिव्हरपाशी वाकला.

"केरबाचा आवाज देऊन टाक की रं बाबा. हवा तर माझा घे."

आपलं बोलायचं म्हणून बोलला.

मेन स्विच बंद होता. प्रेसचं चाक माळेसकट अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला, शमशादला, "येतो गं" म्हणून मिस्त्री घरातनं निघाला. कारखान्याच्या दारात पाऊल टाकतोय तोच आतनं केरबाचा आवाज! मिस्त्रीचे डोळे भरून आले.

"मिस्त्री, घसा सुटला बघा!" केरबा प्रेससमोर नाचायचाच बाकी होता. "पोरींस्नी रात्री झोपू दिलं न्हाय. पण ह्यो बघा, आता माझं ऐकंना. मार! मार की! बघा, हाय का?"

प्रेसपाशी येऊन 'अल्ला मेहेरबान' म्हणायला मिस्त्रीनं तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

प्रेस पडला.

"आँ? आता कसा काय पडला?" केरबा हसला. खाली वाकून त्यानं आपला डावा हात प्रेसच्या तोंडात मनगटापर्यंत घातला आणि कापलेली चकती चाचपू लागला. मेन स्विच त्याच्या पलीकडच्या भिंतीवर होता.

"मिस्त्री, गप का? काय तरी बोला की!"

मिस्त्रीनं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं.