मांडवात घेतलेलं नाव

"माझ्या आयच्या डोक्याला कुनी हात लावाचा नाय," उंबऱ्यातच उभा राहून अल्पेश म्हणाला, आणि आईच्या उशाशी बसलेल्या हेमालीने हातातला संमतीचा कागद खाली ठेवला.

दोन वर्षांनी भाऊ या घरात आला होता... तोही आईचा प्राण गेल्यावर! कमळबाई पहाटे गेली होती. रुग्णवाहिका दारात येऊन थांबली होती. सहा तासांच्या आत मेंदू काढला तरच तो तपासणीच्या कामाचा, आणि दोन्ही मुलांची सही हवी, असं या आजारावर संशोधन करणाऱ्या मुंबईच्या डॉक्टर अमिषांनी फोनवर बजावलं होतं. त्यातले तीन तास सरले होते.

कमळबाई म्हणजे खाडीकाठच्या दहा गावांची धवलारीण. तिने धवला, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायल्याशिवाय इथल्या आगऱ्यांच्या घरात हळद लागत नसे. देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं, हे तिचं काम. पुढे विसरण्याचा आजार जडला, पण गाणी शाबूत होती, म्हणून अल्पेशच्या लेकीच्या, प्राप्तीच्या लग्नात हेमालीने तिला हौसेने गायला बसवलं. तिथेच घात झाला. मेलेल्यांना आवतण देता देता आईने त्यांच्या रांगेत जित्या मुलाचं, अल्पेशचं नाव घेतलं! बहिणीने मुद्दाम अपशकुन घडवला, असं म्हणून अल्पेशने तिच्याशी बोलणं टाकलं.

आणि हेमाली? ठरलेलं लग्न मोडून अकरा वर्षं जिने आईचं हगणंमुतणं काढलं, 'तू कोन गं बाय?' हे जन्मदात्रीच्या तोंडून रोज ऐकलं, तिच्याच माथी हा कलंक! ती कुणापुढे रडणार होती? पहाटे आईचा श्वास थांबला तेव्हा दुःखाच्या आधी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या वाटण्याचीच तिला धास्ती बसली होती.

"दादा, ही आयचीच विच्छा हाय. शुद्धीवर होती तवाच अंगठा दिलाय तिनं."

"मंग अपुरी आय जाळू मी? माझंच नाव घेत परत दारात आली तर?"

हेमालीने डोळे पुसले. डॉक्टरांनी दहादा समजावलेलं ती त्याला सांगू लागली. "आपल्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन असतं. पेशीच्या आतल्या वाटा ते धरून ठेवतं. आयच्या आजारात ते जागा सोडतं, पिळतं, अन् त्याच्या गाठी होतात. पन गाठीत ते एकटं नसतं, दुसरी कितीतरी प्रथिनं अडकलेली असतात. पयलं कोन आलं, मागनं कोन चिकटलं, ते शोधतात ही मानसं. आजीला झालं, आयला झालं. उद्या..."

"उद्या काय?"

"उद्या मना व्हईल, दादा."

दूध उतू गेलं तरी, आपलंही विसरणं सुरू झालं की काय, म्हणून तिच्या अंगाला दरदरून घाम फुटायचा, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अल्पेश भिंतीला टेकून खाली बसला.

"आयचं सुरू कसं झालं व्हतं?" त्याने हळूच विचारलं.

"वाट इसरली. बाजारातून घरी येताना."

तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "गेल्या म्हयन्यात माणगावला खडी टाकून येत व्हतो. पंधरा वर्सं त्याच रस्त्यानं ट्रक हाकतोय. अर्ध्या वाटेत घर कुठं तेच कळंना. गाडीत बसून रडलो गं. वाटलं, आयनं नाव घेतलं ते खरं व्हतंय. आधी रागानं आलो नाय... मागनं भेवानं."

थकवा असेल, असं म्हणावं म्हणून हेमालीने तोंड उघडलं. पण ती नजर, भिंतीवर काहीतरी शोधणारी ती नजर, तिने अकरा वर्षं रोज पाहिली होती.

अल्पेशने स्वतःहून कागद ओढून घेतला आणि एकेक अक्षर लावत सही केली. आईला रुग्णवाहिकेत ठेवताना दोघं भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. गाडी खाडीचा बांध ओलांडून गेली, तरी त्याने बहिणीचा हात सोडला नाही.

"हेमा, बायको तर गेली, पोरगी सासरी. मना तू बघशील ना?"

ती अकरा वर्षं काय असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

"बघीन," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "ट्रकची चावी दे. आजपासून तू गाडी चालवाची नाय."