खांब कोणी सरकवला?

“फेकलं! पुन्हा फेकलं!” धक्क्यावरून शंकासुर ओरडला.

तळ्यात पिसूचा बोर्ड घोड्यासारखा पुढून उभा राहिला आणि पिसू धपकन पाठीवर आपटली. तिसऱ्यांदा!

टिटवीला बरं वाटलं. आतून, अगदी गारेगार बरं वाटलं.

सुट्टीत मामाकडे आल्यापासून ती नुसती जळत होती. मामा-मामींची तळ्याकाठी फॉइलिंगची शाळा होती. बोर्डाच्या पोटाखाली उभा खांब, खांबाच्या तळाशी आडवी पाती. हातात हवा भरलेला पंख धरून वारा पकडला की बोर्ड पाणी सोडून वर उठायचा. म्हणजे मामेबहीण पिसूचा उठायचा! टिटवी त्याच बोर्डावर चढली की तो म्हशीसारखा बसून राहायचा. “पिसूकडे बघ, पिसूकडून शीक,” जो तो म्हणायचा. शंकासुरसुद्धा! आणि तो तर टिटवीचा सख्खा धाकटा भाऊ!

“लक्ष कुठे असतं गं तुझं?” मामा पिसूवर खेकसला. “रविवारच्या शर्यतीच्या यादीतून नाव काढलं तुझं!”

पिसू कोपर चोळत धक्क्यावर येऊन बसली. कोपर सोलवटलं होतं. ती हळूच म्हणाली, “टिटवी, माझं काय चुकतंय गं? तू रोज इथून बघतेस. तुझ्याइतकं नीट कोणीच बघत नाही.”

टिटवीने त्या सोलवटलेल्या कोपराकडे पाहिलं.

“तुझं काही चुकत नाहीये,” ती म्हणाली. “खांब पुढे सरकलाय. बोर्डाच्या पोटावर खुणेच्या रेघा आहेत ना, काल तो पाचव्या रेघेवर होता, आज आठव्या.”

“तुला कधी कळलं?”

“सकाळी. बोर्ड उचलतानाच.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“नाही.” टिटवीने मान खाली घातली. “तू पडावीस असं वाटत होतं मला.”

पिसू तिच्यापासून जरा दूर सरकली. शंकासुराला मात्र राहवेना.

“पण सरकवला कोणी? का? आणि पुढे सरकवला तर काय होतं?”

“पुढचं टोक जास्त उचलतं,” पिसू कोरड्या आवाजात म्हणाली. “वजनदार माणसाला बरं पडतं. माझ्यासारखीला फेकून देतं.”

“वजनदार?” शंकासुराचे डोळे चमकले. “इथे वजनदार म्हणजे...”

तिघांनीही शेडकडे पाहिलं. मामा पोट सावरत पंखात हवा भरत होता!

“पण बाबांचा तर गुडघा दुखावलाय,” पिसू कुजबुजली. “डॉक्टरांनी महिनाभर पाण्यात उतरू नको म्हणून बजावलंय. दुपारी ते झोपतात.”

“खरंच झोपतात का, ते आज कळेल,” टिटवी म्हणाली.

तिने स्क्रू सैल केले, खांब पाचव्या रेघेवर आणला, स्क्रू घट्ट आवळले आणि त्यांची चावी शंकासुराच्या हातात दिली. “मामींना सगळं सांग आणि म्हणावं, ही चावी जरा सांभाळा.”

जेवणं झाली. मामा जांभई देत “पडतो जरा” म्हणाला आणि मागच्या दाराने सटकला. पाचच मिनिटांत शेडमधून खडखडाट ऐकू आला.

“अरे, खांबाची चावी कुठे गेली? कोणी घेतली रे?”

“माझ्याकडे आहे!” मामी दारात उभ्या होत्या. “झोपेत खांब सरकवायचा असतो का हो?”

मामाच्या अंगात पोहायचा पोशाख, काखेत पंख! शंकासुर हसून लोळायचाच बाकी होता.

“काल एकच फेरी मारली गं... खांब परत मागे घ्यायचं राहून गेलं.”

“आणि ओरडा मात्र लेकीला!” मामी कडाडल्या. “शाबास रे पोरांनो! तुमच्यामुळे कळलं. खांबावर नजर कोणाची गेली?”

“टिटवीची,” पिसू म्हणाली.

“पण मी सकाळपासून गप्प होते, मामी,” टिटवी घाईने म्हणाली. “मला पिसूचा हेवा वाटत होता.”

मामींनी तिला जवळ ओढलं. “हेवा सगळ्यांनाच वाटतो, बाळा. तो असा तोंडावर कबूल करणारी मी पहिलीच पाहतेय.”

मामाने कान पकडून लेकीची माफी मागितली. शर्यतीच्या यादीत पिसूचं नाव त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलं. संध्याकाळी पिसू तळ्यावरून सुळकन गेली, तेव्हा टिटवीला थोडं टोचलंच. पिसू काठाला आली आणि तिने बोर्ड उलटा केला.

“शंकासुरा, आईकडून चावी आण. टिटवी, तू माझ्याहून जड आहेस. तुझा खांब पाचव्यावर कसा चालेल? सहावी रेघ करून बघू.”

टिटवी चढली. या वेळी बोर्ड बसून राहिला नाही. थरथरला, आणि उठला! टिटवीच्या पायाखालचा पाण्याचा आवाज एकदम बंद झाला. दहा सेकंद! मग ती धपकन पडली.

धक्क्यावर सगळ्यांत मोठ्याने पिसूच ओरडत होती.