पवित्र आत्या

"शेवटून दुसरी ओळ वाचा," मी म्हणाले.

चाचणीची जड फ्रेम नाकावर घेऊन बसलेला माणूस हातातल्या कार्डाकडे बराच वेळ बघत राहिला. मग अगदी खात्रीनं म्हणाला, "य, ध, भ, य."

"म, घ, भ, म."

"जवळपासच होतं की."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"सहा महिने. लांबचं छान दिसतं मला. जवळचंच कळत नाही."

"बऱ्याच पुरुषांचं तसंच असतं," मी म्हणाले आणि भिंग बदललं. "काम काय करता?"

"छापखान्यात असतो. पुस्तकांची, मासिकांची पानं लावतो."

माझा हात तिथेच थांबला. म चा य वाचणारा माणूस, आणि छापखान्यात...

माझ्या खणात त्या दिवशी आमच्या चर्चच्या त्रैमासिकाचा ताजा अंक होता. त्यात 'नवी पुस्तकं' नावाचं सदर मी लिहिते, खाली नाव 'एक वाचक' एवढंच. या वेळी एका नव्या कादंबरीबद्दल मी लिहिलं होतं : 'अकरा प्रकरणं नायिका चुकत राहते आणि बाराव्यात तिला वाट दाखवतो पवित्र आत्मा.' छापून आलं होतं, 'वाट दाखवतो पवित्र आत्या.'

आता गंमत अशी की मी माझ्या आत्याकडेच राहते, आणि त्रैमासिकाची संपादकही तीच. रविवारी उपासना संपल्यावर निम्म्या मंडळीनं तिला थांबवून वाट विचारली. पाळकसाहेबांनी तेवढा रुमाल तोंडाला लावला. घरी आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "पुन्हा माझी अशी शोभा झाली, तर तुझं सदर बंद." शेवटचं प्रूफ तिनंच तपासलं होतं, हे मी बोलले नाही. तिलाही जवळचं दिसत नाही. डोळे तपासणारी भाची घरात असून ती चष्मा लावत नाही, कारण चष्मा म्हाताऱ्या लावतात. ती चौसष्टची आहे.

आणि ते सदर मला हवं होतं. दिवसभर दुकानात मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते की ही फ्रेम तुम्हालाच शोभते. तीन महिन्यांतून एकदा, दीड पान, मी खरं बोलते.

"पवित्र आत्या तुम्हीच केलीत तर," मी म्हणाले.

तो फ्रेमच्या आतून माझ्याकडे बघू लागला. भिंगामुळे त्याचे डोळे नको तेवढे मोठे दिसत होते. "म्हणजे... 'एक वाचक' तुम्ही?"

"आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?"

"आता. फारच बरं."

"मी अक्षरांबद्दल विचारतेय."

"ती पण बरी आहेत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुमचं सदर मला पाठ असतं. पहाटेच्या प्रार्थनेवरचं ते पुस्तक... 'लेखकाला चारला उठण्याचं इतकं कौतुक आहे, की आठनंतरची प्रार्थना देव ऐकत नसावा असं वाटू लागतं.' ते लावलं आणि मुद्दाम पावणेनऊला प्रार्थना करून पाहिली."

"काय मागितलंत?"

"ऐकली गेली की सांगेन."

मला माणसं मोजायची खोड आहे. पुस्तकंही. प्रत्येक परीक्षणाखाली मी हिशेब देते : नायक रडला नऊ वेळा, नायिका हसली एकदा, तेही लहानपणी. त्या दिवशी घरी जाताना लक्षात आलं, की तो चार वेळा हसला होता आणि मी ते मोजलं होतं.

चष्मा घ्यायला तो दोन दिवसांनी आला. त्यानंतर प्रूफं तो स्वतःच दुकानात आणून देऊ लागला, आणि वाद घालायला थांबू लागला. एका परिचारिकेच्या आठवणींचं पुस्तक आम्हा दोघांनाही आवडलं. मी लिहिलं होतं, 'या बाई देवाचं नाव दोनशे पानांत तीनदा घेतात, आणि तिन्ही वेळा गरज असते.' क्षमेवरच्या पुस्तकावरून मात्र जुंपली.

"लेखक सगळ्यांना क्षमा करतो," मी म्हणाले, "पण प्रत्येकानं काय केलं होतं ते तपशीलवार सांगून."

"मन मोकळं करतोय बिचारा."

"चहाडी करतोय. क्षमेचं झाकण लावून."

"तुमच्या तावडीतून कुणी सुटतं का हो?"

"चांगलं लिहिलं तर सुटतं."

"आणि पानं चांगली लावली तर?"

मी समोरच्या फ्रेमा पुसायला घेतल्या. त्या आधीच स्वच्छ होत्या.

आत्या त्याला 'छापखाना' म्हणायची. "आज छापखाना दोनदा आला होता म्हणे दुकानात. एवढी कसली प्रूफं?" मी म्हणायचे, चुका फार असतात. "असणारच," आत्या म्हणायची आणि डाळ निवडू लागायची. खडे मात्र माझ्या ताटात यायचे.

पुढच्या अंकासाठी आलेल्या पुस्तकांत एक लहानशी कादंबरी होती. लेखिकेचं नाव नाही, नुसतंच 'एक भगिनी'. एक तरुणी सेवाकार्यासाठी आपल्या माणसाला सोडते. तो बसस्थानकावर वाट बघतो, ती समोरच्या दुकानाच्या खांबाआडून त्याला बघते, आणि बस सुटेपर्यंत पुढे होत नाही. भाषा साधी, सुरेख. पण शेवट वाचून मी चिडले. मी लिहिलं : 'तो वळून न पाहता निघून गेला. लेखिका याला त्याग म्हणते. समोर जाऊन नाही म्हणणं हा त्याग झाला असता. खांबाआड उभं राहणं ही भीती आहे. देवाचं नाव दिल्यानं ती मोठी होत नाही.'

प्रूफ घेऊन तो आला तेव्हा उभाच राहिला.

"या शेवटच्या चार ओळी काढूया? जागा नाही."

"तळाला द्राक्षवेलीची नक्षी टाकलीय तुम्ही. बोटभर उंच. ती काढा."

"वेल छान दिसते."

"काय झालंय?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कारण नाही सांगता येणार. छापखान्यात जे वाचतो ते माझं नसतं. पण या ओळींनी तुमचं सदर जाईल... आणि तुम्हाला वाईट वाटेल. सदराचं नाही."

"त्या खोट्या आहेत?"

"नाही. तीच तर पंचाईत आहे."

"मग राहू द्या."

तो गेला. त्या दिवशी एकदाही हसला नव्हता.

संध्याकाळी प्रूफ मी आत्यासमोर ठेवलं. तिनं कागद हातभर लांब धरला, दिव्याखाली नेला, लाल पेन्सिल उचलली. वाचलं. पुन्हा वाचलं. चहावर साय धरली तरी पेन्सिल हवेतच होती.

"एक दुरुस्ती आहे," ती शेवटी म्हणाली. "'वळून न पाहता' असं लिहिलंयस. पाहिलं होतं. दोनदा."

"पुस्तकात तसं नाहीये, आत्या."

"पुस्तकात घातलं नाही मी."

मी खाली बसले. पस्तीस वर्षं मंडळीची सगळी कामं अंगावर घेणारी, लग्नाचा विषय निघाला की उठून भांडी घासणारी माझी आत्या... आणि मी तिला भित्री म्हणून छापायला निघाले होते.

"मी काढते त्या ओळी. आत्ता काढते."

"हात लावू नकोस." तिनं कागद आपल्याकडे ओढला. "खरं आहे ते. मला देवाचं बोलावणं आलं होतं, तेही खरं, आणि गेल्याचा पस्तावाही नाही. पण समोर जाऊन सांगायचा धीर झाला नाही. तेवढं त्याचं देणं लागत होते." मग नेहमीच्या आवाजात, "माझ्यासाठी गोडगोड लिहिलंस तर मात्र सदर बंद."

थोड्या वेळानं म्हणाली, "भाषा सुरेख आहे, असं लिहिलंयस. ते खरंच वाटलं का?"

"खरंच."

"हं," आत्या म्हणाली, आणि गार झालेला चहा सगळा प्यायली.

सकाळी मी दुकान उघडायच्या आधी छापखान्यात गेले. तो यंत्राशेजारी कागदाच्या रिमांवर बसून डबा उघडत होता. मला बघून झाकण परत लावलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"पुस्तक इथंच छापलं. हस्तलिखित त्यांच्याच अक्षरातलं. सांगू नका म्हणाल्या होत्या."

"ओळी राहताहेत. सदरही."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की वरचा सुटा कागद उडाला. मी तो उचलला. हातात काहीतरी असलेलं बरं असतं.

"एक विचारायचंय," मी म्हणाले. "तुम्ही वळून पाहणाऱ्यांतले, की न पाहता जाणाऱ्यांतले?"

"मी जाणाऱ्यांतलाच नाही."

यंत्र बंद होतं. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं, त्याचा फस्‌ फस्‌ आवाज तेवढा...

"आणि ती पावणेनऊची प्रार्थना?"

"'एक वाचक' कशी दिसते ते एकदा बघायला मिळावं, एवढीच." तो हसला. त्या सकाळचं पहिलं. "मिळालं, तर तुम्ही माझ्याकडून म, घ, भ, म म्हणवून घेत होतात."

"मी खांबाआड उभी राहणार नाहीये," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मला तुम्ही आवडता. आत्याला आज सांगणार आहे."

त्यानं डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मी रिमांवरच जागा करून बसले आणि दुकान त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा उघडलं.

शेवटचं प्रूफ तो घरी घेऊन आला, नवा सदरा घालून. आत्यानं कागद हातभर लांब धरला आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय? 'माजी वाचक'? मी सदर बंद कधी केलं?"

मी वाकून पाहिलं. सदराखाली जिथे 'एक वाचक' असायचं, तिथे वेगळंच काही होतं. माझे कान तापले.

"माजी नाही, आत्या," मी म्हणाले. "माझी."

मग आत्यानं आयुष्यात पहिल्यांदा हात पुढे केला. "दे बाई तो चष्मा." माझ्या पर्समध्ये तिच्या नंबराचा एक महिनोन्‌महिने पडून होता. तो तिनं लावला, कागद जवळ आणला, आधी ती ओळ वाचली, मग छापखान्याकडे पाहिलं. पायापासून वरपर्यंत, सावकाश.

"ही चूक चष्मा लावून केलीय?"

"हो," तो म्हणाला.

आत्यानं लाल पेन्सिल उचलली, त्या शब्दाखाली टिंबं दिली आणि समासात लिहिलं, 'तसेच ठेवावे.'