कॅसेटमधली रिकामी जागा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका. ज्यांच्या बाबतीत घडली त्या सुप्रभावहिनी अजून लेस्टरला राहतात.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. सकाळचे साडेदहा. कॉर्नवॉलमधलं समुद्रकाठचं एक लहान गाव. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

तो माधवदादाचा दहावा दिवस होता.

डॉक्टर माधव मिठबावकर, वहिनींचे यजमान. माझा चुलतभाऊ. लेस्टरच्या हॉस्पिटलात वीस वर्षं भूल देण्याचं काम केलं. पाच नोव्हेंबरच्या संध्याकाळी बाहेर गाय फॉक्सच्या सणाचे फटाके उडत होते. दादा ड्यूटीवरून आला, खुर्चीत बसला, एक बूट काढला... आणि दुसरा राहिलाच.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांना काही वाटतच नव्हतं. हात चालत होते, चहा होत होता, लोक येऊन बसत होते. आपण काचेच्या पलीकडे आहोत, असं त्यांना वाटायचं.

एकच गोष्ट डोक्यात पक्की होती. दादाचं सगळं नीट झालं पाहिजे. त्याला गती मिळाली पाहिजे.

दादा कोकणातला, समुद्राकाठी वाढलेला. दर उन्हाळ्यात तो बायकोमुलाला घेऊन या गावी यायचा. आणि आला की आधी चर्चमध्ये जायचा. तिथे भिंतीवर एक दगडी पाटी होती. १८०७ साली हिंदुस्थानातून परत येणारं एक शिडाचं जहाज इथल्या खडकांवर फुटलं. पाटीवर कप्तानाचं नाव होतं, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं होतं, दोन प्रवाशांची होती. आणि खाली एक ओळ...

'आणि एकतीस लस्कर.'

लस्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. ते ख्रिस्ती नव्हते, म्हणून चर्चच्या आवारात त्यांना जागा मिळाली नाही. कड्यावरच्या शेतात पुरले म्हणतात. कुठे, ते आता कोणालाच माहीत नाही.

"एकतीस जण, आणि नाव एकाचंही नाही," दादा दरवर्षी म्हणायचा. "यातला एखादा आमच्या मिठबावचा असेल गं. कोण जाणे, माझाच खापरपणजोबा असेल."

"तुमचे खापरपणजोबा कशाला जहाजावर जातील? भात लावत होते ते."

"मी गेलो की मला इथेच सोड. ओळखीची माणसं आहेत."

वहिनी हसायच्या.

म्हणून त्या अस्थी घेऊन तिथे गेल्या. बरोबर मुलगा, उदय. एकोणीस वर्षांचा, तिथेच जन्मलेला.

भटजी नव्हते. स्टॅनमोरचे श्रीनिवासकाका आठवडाभर विम्याच्या ऑफिसात काम करायचे आणि शनिवार-रविवारी लोकांकडे पूजा सांगायचे. सोमवारी त्यांना सुट्टी मिळेना. मग त्यांनी सगळा विधी कॅसेटवर भरून दिला. उदयला संस्कृत जमणार नाही, म्हणून साध्या मराठीत. एक ओळ सांगायची, मग तेवढीच रिकामी जागा सोडायची. त्या जागेत उदयने ती ओळ मागून म्हणायची.

फोनवर त्यांनी तीन तीनदा बजावलं होतं.

"वहिनी, पिंड ठेवला की कॅसेट बंद करा. कावळा शिवेपर्यंत प्ले दाबायचं नाही. पुढच्या भागात आपण सगळ्यांना बोलावतो, ज्यांचं कोणी नाही त्यांना. त्याआधी माधवचा घास माधवला पोचला पाहिजे."

"आणि कावळा आलाच नाही तर?"

"येतो हो. इंग्लंडातल्या कावळ्यांना काय भूक लागत नाही?"

सकाळी धुकं होतं. उतरले होते त्या बी अँड बीच्या, म्हणजे घरगुती लॉजच्या मालकीणबाईंनी स्वयंपाकघर वापरू दिलं. वहिनींनी भात शिजवला, तीळ घालून गोळा केला, कागदी ताटलीत ठेवला.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. उदय जीन्स दुमडून गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने अस्थी सोडल्या. परत येऊन कॅसेटमागून एकेक ओळ म्हटली. पिंड ताटलीसकट वाळूवर ठेवला. वहिनींनी बरोबर आणलेला टेपरेकॉर्डर बंद केला.

मग दोघं लांब जाऊन उभे राहिले.

अर्धा तास...

एक तास...

कावळा सोडाच, सीगलसुद्धा नाही. एरवी तिथले सीगल हातातली चिप पळवतात. त्या दिवशी आकाशात काही हलत नव्हतं.

आपल्याकडे कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाला वचन देतात. काहीतरी अडकलंय त्याचं, असं समजतात.

"अहो, मी घर विकणार नाही," वहिनी म्हणाल्या. "उदयकडे बघेन. तुम्ही काळजी करू नका."

काही नाही.

"बाबा, मी युनिव्हर्सिटी सोडणार नाही," उदय म्हणाला. "प्रॉमिस. आय मीन इट."

काही नाही.

पाणी वर सरकायला लागलं होतं.

"आई, टाइड येतेय. प्लेट वाहून जाईल. किती वेळ थांबायचं?"

"कावळा येईपर्यंत."

"आणि नाही आला तर? आई, मला पाय फील होत नाहीयेत."

त्याचे ओठ निळे पडले होते. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही, वाईट वाटलं नाही. फक्त संपावं, असं वाटलं.

प्ले त्यांनीच दाबलं. स्वतःच्या बोटाने.

"हातात पाणी घे, उदय," कॅसेटमधून श्रीनिवासकाका म्हणाले. "माझ्यामागून म्हण. ज्यांना मुलगा नाही..."

रिकामी जागा.

उदय ओंजळ धरून उभा होता. दातावर दात आपटत होते. त्याने तोंड उघडलंच नाही.

पण त्या जागेत कोणीतरी म्हटलं...

'ज्यांना मुलगा नाही.'

वहिनींना वाटलं, कड्यावरून आवाज परत आला. पण तो काकांचा आवाज नव्हता. खूप माणसांचा होता. खालच्या पट्टीतला, थकलेला. घसा खारट झाल्यासारखा.

"ज्यांना कुळ नाही, गोत्र नाही..."

'ज्यांना कुळ नाही, गोत्र नाही.'

आता तो जवळून आला होता. ताटलीच्या पलीकडून, जिथे धुकं पाण्याला टेकलं होतं तिथून.

धुक्यात काहीच दिसत नव्हतं. सावलीसुद्धा नाही.

"ज्यांचं नाव कोणी घेत नाही, त्यांनी हे घ्यावं..."

'ज्यांचं नाव कोणी घेत नाही, त्यांनी हे घ्यावं.'

सगळे थांबले.

आणि मग, अर्धा शब्द मागून... एकच आवाज.

'...घ्यावं.'

वहिनींच्या हातातून पिशवी पडली.

माधवदादाला ताल नव्हता. लेस्टरच्या मंडळात गणपतीच्या आरतीला तो कायम सगळ्यांच्या मागे असायचा. सगळे थांबले की दादाचा शेवटचा शब्द एकटाच यायचा. "डॉक्टर, तुमची आरती स्टॉपिंग ट्रेनने येते का हो?" म्हणून मंडळातली वैजयंती चिडवायची. दादाच सगळ्यांत जास्त हसायचा.

तो अर्धा शब्द वहिनींनी वीस वर्षं ऐकला होता.

त्याचा मुलगा समोर उभा होता. बायको उभी होती. मग ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यात दादा का उभा होता?

कॅसेट संपली. खट् झालं.

ताटली रिकामी होती.

भाताचं शीतही नाही, तीळही नाही. पाणी अजून चार हात लांब होतं. भोवतालची वाळू ओली, गुळगुळीत. पक्ष्याचं पाऊल नाही, उदयच्या पावलांखेरीज माणसाचं नाही.

"आई, पिंड कुठे गेला?"

"तू ऐकलंस?" वहिनींनी विचारलं.

"काय? तू म्हणत होतीस ते? मला वाटलं, मला जमत नाहीये म्हणून तू म्हणतेयस."

वहिनींनी त्याच्या निळ्या ओठांकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हटलं."

परतीला सहा तास लागले. रात्री काकांचा फोन आला.

"कावळा शिवला ना, वहिनी?"

"शिवला."

पुढच्या नोव्हेंबरात वर्षश्राद्धाला श्रीनिवासकाका स्वतः लेस्टरला आले. सगळं आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, "ते शेवटचं म्हणा. ज्यांचं कोणी नाही, ते."

"घरात त्याची गरज नाही, वहिनी."

"म्हणा. आणि म्हणून झालं की जरा थांबा. कॅसेटवर थांबला होता तसं."

तेव्हापासून दरवर्षी तसंच होतं.

१९९६ साली मी तिथे होते. घराची पुढची खोली, खिडक्या बंद, ऊब देणारी गॅसची शेगडी चालू. काकांनी ओळ म्हटली आणि ते थांबले. उदयचं तोंड बंद होतं. मला शेगडीचा आवाज सोडून काही ऐकू आलं नाही. देवाशपथ, काही नाही.

पण वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. मान थोडी पुढे, जिन्यावर कोणाची चाहूल घेतो तशी. बराच वेळ.

मग त्यांच्या ओठांवर थोडंसं हसू आलं.

"अजून मागेच आहेत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी भांडी विसळताना त्यांनी हे सगळं मला सांगितलं. एकदाच. आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाचं सांगत असल्यासारखा.

मी विचारलं, "वहिनी, दरवर्षी त्याला असं बोलावता. थांबलात तर तो सुटेल, असं नाही वाटत?"

त्यांनी भाताचं पातेलं पालथं घातलं. हात पुसले.

"सुटले, तर मला कळणार कसं?"

मी पुढचं ताट पुसायला घेतलं.

आता कुठेही आरती संपली, सगळे थांबले, की माझा श्वास आपोआप अडकतो...

अर्धा शब्द मागून कोणी येतंय का, ते ऐकायला.